बाभळीवरची पिशवी

मी एकतीस वर्षं गावची कोतवाली केली. त्यातली निम्मी वर्षं डफडं गळ्यात अडकवून दवंडी देण्यात गेली. पूर्णेला पूर येतोय, नदीकाठची गुरं अलीकडे आणा. उद्या शाळेत डोस आहे, लेकरं घेऊन या. मी घसा फोडायचो आणि लोक ओट्यावर बसून दात घासायचे. एखादा म्हणायचा, "नागसेन, आज आवाज बसला वाटते तुहा." दवंडी कशाची होती ते मात्र कोणी विचारत नसे. म्हणून सरकारनं दवंडी थेट मोबाईलमध्ये घातली तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. आता कानाशी वाजेल तेव्हा कळेल, असं मी चारचौघांत म्हणालोही होतो.

पहिली चाचणी सकाळी अकराच्या सुमाराला झाली. गावातले सगळे फोन एकदम किंचाळले, आवाज बंद करून ठेवलेलेसुद्धा. गावातले मोठे शेतकरी खुशालराव, त्यांनी हातातला फोन बैलांच्या हौदात टाकला आणि वर "माहं खातं साफ झालं" म्हणून बोंब मारली. एकानं मोबाईल रस्त्यात ठेवला आणि दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला. संदेशात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं की ही फक्त चाचणी आहे, तुम्ही काही करायची गरज नाही. ते वाचायला सवड कोणाला होती? चार दिवस गाव हसलं. मग दर्यापूरच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे जाऊन लोक तो भोंगा बंद करून घेऊ लागले. रोजानं जाणाऱ्या बायांनी तेवढा मजुरी बुडते म्हणून चालूच ठेवला.

पावसाळ्यात खरे इशारे येऊ लागले. विजा पडण्याची शक्यता आहे, शेतात थांबू नका, झाडाखाली उभे राहू नका. पाचदा भोंगा वाजला तर चारदा आमच्या शिवारात लख्ख ऊन. इशारा अख्ख्या तालुक्याला असतो आणि ढग एखाद्याच पांदणीवर फुटतो, हे कोण कोणाला समजावणार? त्यातच एक निरोप या फोनवरून त्या फोनवर फिरू लागला की मोबाईल वीज ओढून घेतो. एकीकडे फोन विजेची खोटी बातमी देतो आणि दुसरीकडे फोनच वीज बोलावतो. ही दोन मतं एका डोक्यात कशी राहतात ते मला कळलेलं नाही, पण राहतात. माझ्याही डोक्यात राहिली, नाहीतर मी पार्बताबाईला तेव्हाच अडवलं असतं.

पार्बताबाई म्हणजे आमच्या गावच्या मुकादमीण. त्यांना धरून बारा बायांची टोळी. निंदणाला, बी टोबायला, कापूस वेचायला बाया हव्या असल्या की शेतकरी त्यांच्या दारात येणार आणि "बाई, परवा जमन काय?" असं अदबीनं विचारणार. पन्नाशीची, उंच, काटक बाई. कासोटा घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. शेतात गेल्यावर प्रत्येकीला आपापल्या ओळींची पात वाटून द्यायच्या आणि स्वतः मधली पात धरायच्या. कोणी मागं राहिली की मान न वळवता तिचं नाव घ्यायच्या. टोळीतल्या बाया त्यांना भीत, पण दुसऱ्या टोळीत जात नसत. बाई कोणाची आजारपणातली पात स्वतः पुरी करून द्यायच्या आणि त्याचा उल्लेखही करायच्या नाहीत.

पिशवीची युक्ती त्यांचीच. तरण्या बाया निंदताना सारख्या फोनमध्ये पाहतात, हा त्यांचा जुना राग होता. वीज ओढणारा निरोप त्यांच्या हाती आयताच लागला. शेतात पोचलं की बाराही फोन एका वायरच्या पिशवीत जमा करायचे आणि ती पिशवी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बायांपासून जितकी लांब टांगता येईल तितकी लांब टांगायची. "पडली वीज तं पिशवीवर पडन, बायांवर नाही पडन," त्या म्हणत. गावाला हे फार पटलं. मलाही पटलं. "बाई, तुम्ही तहसीलदार व्हायला पाहिजे होतं," असं मी त्यांना भर रस्त्यात म्हणालो आणि त्या चक्क लाजल्या. ती पिशवी पुढं मी माझ्या हातानं बाभळीवरून उतरवली. म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे की नाही, ते मला माहीत नाही, पण सांगावं लागणार.

टोळीत सगळ्यात धाकटी प्राजक्ता. कौशल्याबाईंची सून, माहेर धामणगाव रेल्वेकडचं. बारावी झालेली होती. कोणाच्याही फोनवर काही आलं की बाया तिच्याकडे धरायच्या आणि ती वाचून दाखवायची, तेही नकला करून. बँकेचा निरोप असला की बँकेच्या साहेबासारखं बोलायची. नवरा अकोटला जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यानं घरी यायचा. अडीच वर्षांची पोर घरी सासूपाशी. पोर रडली की कौशल्याबाई फोन लावायच्या, आणि पोर दिवसातून तीनदा तरी रडायची. सासूसुनेचं तसं चांगलं होतं. दोघी एका ताटात जेवताना मी पाहिलंय.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. खुशालरावांच्या शेतात निंदण चाललं होतं. कपाशी मांडीपर्यंत आलेली. दुपारचं जेवण होऊन अर्धा तास झाला असेल. अकोटच्या बाजूनं आभाळ काळं झालं होतं, पण डोक्यावर ऊन होतं. पार्बताबाईंना दोन पाती उरकून घ्यायच्या होत्या. पिशवी दीडशे पावलांवर, धुऱ्यावरच्या बाभळीला.

मग बाराही फोन एकदम ओरडले.

हे मी ऐकलेलं नाही, पण इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता ऐकल्यासारखंच आहे. एक फोन सुरू व्हायचा, त्याच्या मागून दुसरा, सगळे थोडे पुढंमागं, आणि पिशवीत असल्यामुळे घुसमटलेले. बाया हसू लागल्या. एक म्हणाली, बाभूळ बोंबलून राहिली. आवाज थांबेना. पार्बताबाईंना तो सहन झाला नाही. मान न वळवताच त्या म्हणाल्या, "जाय वो प्राजक्ता, तुले समजते त्यातलं. बंद कर त्यायची बोंब अन् ये."

प्राजक्ता पळत गेली. तिनं पिशवीला हात घालायला हात वर केला, एवढं बायांनी पाहिलं. त्यापुढचं कोणीच नीट सांगत नाही. सगळ्या म्हणतात, डोळे मिटले होते.

मी गावात होतो. आवाज झाला तेव्हा मला वाटलं विजेची डीपी उडाली. अर्ध्या तासात मी तलाठ्यांना घेऊन शेतात पोचलो. पाऊस म्हणावा तसा पडलाच नव्हता, चार थेंब. प्राजक्ताला बायांनी लुगड्यानं झाकलं होतं. बाभळीची साल एका बाजूनं उभी सोलली होती आणि पिशवी तशीच फांदीला होती, फक्त एका अंगानं काळी पडलेली. ती मी उतरवली. बारापैकी सात फोन चालू होते. त्यातल्या एकावर तो संदेश अजून झळकत होता, कोणी दाबून बंद न केल्यामुळे. मी तो वाचला. झाडाखाली थांबू नका, असं त्यात लिहिलं होतं. 

प्राजक्ताचा फोनही चालू होता. त्यावर कौशल्याबाईंचे तीन न घेतलेले कॉल होते, दुपारी दोनच्या आसपासचे. तलाठी पंचनामा लिहायला बसले आणि त्यांनी विचारलं की ही झाडाकडे कशाला गेली. मग बायांतली कोणीतरी म्हणाली, "सासूचा फोन येऊन राहिला असन, तो घ्यायले गेली." ती कोण ते मला माहीत आहे, पण तिचं नाव घेत नाही. तिनं ते कोणाला वाचवायला म्हटलं तेही मला माहीत आहे. पार्बताबाई मधेच म्हणाल्या, "नाही साहेब, मी—" आणि मी त्यांचा दंड धरला. "गप राहा बाई. कोणी धाडली असं आलं तर फाईल अडकते. पोरीच्या लेकराला मदत मिळायची ती मिळणार नाही." असं काही कुठं लिहिलेलं होतं असं नाही. मला वाटलं, मी बोललो. कागदावर आलं, मयत ही मोबाईल घेण्याकरिता झाडाखाली गेली असता वीज पडून जागीच मरण पावली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

गावानं निकाल लावायला वेळ घेतला नाही. फोनानं वीज बोलावली. दुसऱ्याच दिवशी दर्यापूरला जीपा भरून लोक भोंगा बंद करायला गेले. ज्यांनी आधी आळस केला होता तेही गेले. खुशालराव मला म्हणाले, "पाह्य, मी तं पहिल्याच दिवशी हौदात टाकला होता." ज्या फोनानं त्या बायांना निघून जा म्हणून बारा तोंडांनी सांगितलं, त्यालाच गावानं फाशी दिली, आणि मी साक्षीदार.

कौशल्याबाईंनी स्वतःला जी शिक्षा दिली ती कोणाला फारशी दिसली नाही. त्यांनी फोन वापरणं सोडलं. मुलाला अकोटहून बोलायचं असलं तर शेजारणीच्या फोनवर, आणि तोही शेजारणीनं कानाला लावून धरायचा. दुपारी जेवणं सोडलं. दोन वाजले की पोरीला कडेवर घेऊन परसात उभ्या राहायच्या, पोर रडली तर तिच्या तोंडावर हात ठेवायच्या. "नको रडू, नको रडू बापू," एवढंच. मी एकदा कसल्याशा कागदावर अंगठा घ्यायला गेलो तर हे पाहिलं आणि आल्या पावली परत फिरलो. कागद तसाच राहिला.

पार्बताबाई आठ दिवसांनी पुन्हा टोळी घेऊन निघाल्या. पिशवी बंद झाली. पण बाई बदलल्या. मधल्या पातीत निंदता निंदता थांबायच्या आणि विचारायच्या, "वाजलं काय वो?" बाया म्हणायच्या, नाही वाजलं. थोड्या वेळानं पुन्हा, "वाजलं काय?" पिठाच्या गिरणीत उभ्या असताना एकदा त्या अचानक दोन्ही हात कानावर ठेवून खाली बसल्या. गिरणी चालू होती, तिच्यापुढे दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांना येत होतं. कपाशीत चालताना बाभळीकडे पाठ करून चालायच्या, आणि बाभूळ तर आमच्याकडे प्रत्येक धुऱ्यावर आहे. बाया मागं कुजबुजायच्या की बाईंना लागलंय काहीतरी, अमावास्येला उतरवून टाका. एकीनं खरंच लिंबू आणलं. पार्बताबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं आणि फेकून दिलं. "मले जे लागलं ते लिंबानं नाही उतरत," त्या म्हणाल्या.

जानेवारीत एका दुपारी मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलो होतो. पार्बताबाई आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"नागसेनभाऊ, तो कागद बदलून द्या."

"कोणता कागद?"

"तुमाले मालूम हाये कोणता."

मी म्हणालो, कागद तहसीलला गेला, तिथून जिल्ह्याला गेला, आता तो कोणाच्या बापाला बदलत नाही. मला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की मी असाच तावातावानं बोलतो. त्या ऐकून घेत राहिल्या. मग सांगितलं ते असं.

सकाळी पाण्याच्या नळावर कौशल्याबाई त्यांना भेटल्या होत्या. चार महिन्यांत दोघी पहिल्यांदा समोरासमोर. कौशल्याबाईंनी हंडा खाली ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "पार्बताबाई, माहा फोन वाजला तवा प्राजक्ता चिडली होती का वो माह्यावर? का हासत गेली?"

"मंग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"हंडा भरला अन् आली." पार्बताबाईंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तिले वाटते तिनं मारली पोरीले, भाऊ. माहं पाप ती घेऊन बसली. चार महिने झाले जेवून नाही राहिली. अन् मी दोन टाइम जेवून राहिली."

मी म्हणालो, सांगून आता काय होणार आहे? पोरगी काही परत येणार नाही. गावात तुमचं नाव जाईल. टोळी मोडेल. हे सगळं मी त्यांच्यासाठी बोलत होतो असं मला बोलताना वाटत होतं.

"टोळी मोडली तं मोडन. तुमी येता काय? नाही येत तं मी एकटी जातो."

मी गेलो. शूर म्हणून नाही. त्यांच्या मागं चार पावलं राहून गेलो.

कौशल्याबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पोर शेजारी टोपल्यात हात घालत होती. आम्हाला पाहून त्यांनी पोतं सरकवलं, "बसा" म्हणाल्या. पार्बताबाई बसल्या नाहीत. चुलीपुढं बोलणारी बाई नव्हती ती, शिवारात या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाणारी होती, पण त्या दिवशी मलाच पुढं वाकून ऐकावं लागलं.

"कौशल्याबाई, ती तुह्या फोनासाठी नोती गेली. तुहा फोन वाजला तो आमाले आयकूच नाही आला. इतक्या लांब पिशवी होती. तिले मालूमच नोतं तुहा फोन आलता म्हून. भोंगा वाजला, बाराच्या बारा फोनावर. मले राग आला. मी म्हनलं, प्राजक्ता, जाय अन् बंद कर. मी धाडली तिले. पिशवी बी माहीच. तथी टांगा म्हून मीच सांगतलं होतं."

कौशल्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना पहिल्यांदा समजलंच नसावं. त्यांनी विचारलं, "माहा फोन नोता?"

"नाही."

"पन तीन डाव लावला होता मी."

"लावला असन. आमाले नाही आयकू आला."

मग कौशल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमाले मालूम होतं?"

खोटं बोलायची सोय होती. माझ्या सहीचा कागद होता, तलाठ्यांची बदली झाली होती. पण पोर टोपल्यातले दाणे एकेक उचलून माझ्या चपलेवर ठेवत होती, आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. साहेबांनी शिव्या दिल्या तेव्हा नाही, लोकांनी दवंडीवर हसून दाखवलं तेव्हा नाही.

कौशल्याबाई उठल्या, आत गेल्या. आम्ही उभे. आतून रडण्याचा आवाज आला. अंत्यविधीला त्या रडल्या नव्हत्या, नुसतं "मी काहून लावला, मी काहून लावला" म्हणत बसल्या होत्या. आता त्या सुनेचं नाव घेऊन रडत होत्या. पोर घाबरून माझ्या पायाला चिकटली. बऱ्याच वेळानं त्या पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं पार्बताबाई नंतर म्हणाल्या.

"मले सांगून मोकळी नको होऊ तू," कौशल्याबाई म्हणाल्या. "चार महिने म्या भोगलं तुह्यावालं. आता तू सांग. उद्या पाह्यटे बाया जमतीन, तथी सांग. परवा बी सांग. नवी बाई आली टोळीत तं तिले पयले हे सांग, मंग पात दे. मी येतो आयकायले. अन् भाऊ, तुमी बी येजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यापाशी बाया जमल्या. कापूस वेचायला जायचं होतं, गाठोड्याची रिकामी फडकी डोक्याला बांधलेली. कौशल्याबाई पोरीला कडेवर घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हाच बायांना कळलं असावं, कारण दोघीतिघींनी मान खाली घातली. पार्बताबाईंनी सुरुवात केली, "त्या दिवशी एका बाईले—"

"नाव घे," कौशल्याबाई म्हणाल्या.

पार्बताबाईंनी नाव घेतलं. पुढचं सगळं सांगितलं, भोंगा, पिशवी, आपला राग, आपण काढलेले शब्द. मग म्हणाल्या, "फोन कमरेले बांधा. वाजला का उठा. मी म्हनलं बसा, तरी उठा." मग मीही पुढं झालो आणि पंचनाम्याच्या वेळी काय केलं ते सांगितलं. माझं कोणी फारसं ऐकलं नाही, त्याची मला सवय आहे.

टोळी मोडली नाही. दोघी सोडून गेल्या, दुसऱ्या दोघी आल्या. खुशालराव म्हणाले की मुकादमिणीचं डोकं फिरलं, रोज सकाळी तेच ते काय सांगते? खरंच रोज तेच ते होतं. पहिल्या आठवड्यात बाया डोळे पुसायच्या. महिन्यानं त्या ऐकता ऐकता वेणी घालायच्या, पिशवीतली भाकर तपासायच्या. पार्बताबाई त्यांच्याकडे न पाहता सांगत राहायच्या. कौशल्याबाई दहाएक दिवस आल्या, मग यायच्या बंद झाल्या. पार्बताबाई थांबल्या नाहीत. मी कधी त्या बाजूला निघालो तर मला त्यांचा आवाज लांबून ऐकू यायचा आणि मी रस्ता बदलायचो. पण एक झालं. टोळीतल्या सगळ्या बायांनी भोंगा पुन्हा चालू करून घेतला, आणि दुरुस्तीवाला म्हणे प्रत्येकीला विचारत होता, नक्की चालू करू का?

उन्हाळ्यात कौशल्याबाई टोळीत आल्या. पोर अंगणवाडीत जाऊ लागली होती. पार्बताबाईंशी त्या कामापुरतं बोलायच्या, कधी तेवढंही नाही. पार्बताबाई त्यांना कडेची पात द्यायच्या, जिथून घराकडचा रस्ता जवळ.

या जूनमध्ये खुशालरावांच्याच शेतात सरकी टोबणं चालू होतं. मी नव्हतो, खुशालराव होते, धुऱ्यावर उभे, आणि पुढचं त्यांनीच मला सांगितलं, तेही तक्रार म्हणून. दुपारी भोंगा वाजला. बाराही बायांच्या कमरेला, एकदम. बायांनी सरकीची भांडी होती तिथं ठेवली आणि रस्त्याकडे निघाल्या. खुशालराव ओरडले, अर्धी पात राह्यली, ऊन हाये, कोठी चालल्या? कोणी मागं पाहिलं नाही. पण पार्बताबाई शेताच्या मध्ये उभ्याच राहिल्या. दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले, पाय रुतल्यासारखे. बाया हाका मारत होत्या, त्यांना ऐकू जात नव्हतं. आवाज तर त्यांच्याच कमरेला चालू होता.

रस्त्यावर पोचलेल्या बायांतून कौशल्याबाई परत फिरल्या. ढेकळांतून तुडवत मध्यापर्यंत गेल्या. त्यांनी पार्बताबाईंच्या कानावरचा हात ओढून काढला, मनगट धरलं आणि चालू लागल्या, मागं न पाहता. खुशालरावांनी त्या काय बोलल्या ते ऐकलं आणि मला सांगताना त्यांचा तक्रारीचा सूर तेवढ्यापुरता गेला.

"चाल वो," त्या म्हणत होत्या. "तुले अथी ठेवून गेली तं मी कोणाले काय सांगू?"